बिबट्याला हातांनी मारणाऱ्याने पडक्या भिंतींवर इलाज शोधला

कार्ल एकली हा अमेरिकन गडी मेलेले प्राणी म्युझियममध्ये जिवंत वाटतील असे उभे करायचा. १८९६ मध्ये आफ्रिकेत बिबट्याने झडप घातली, तर याने त्याला नुसत्या हातांनी मारलं.

त्याच्या शिकागोच्या म्युझियमची इमारत मात्र १८९३ च्या प्रदर्शनासाठी उभारलेली. भिंतींचे पोपडे पडू लागले. थापीने किती लिंपणार? म्हणून १९०७ च्या सुमारास एकलीने सिमेंट गन बनवली. कोरडं वाळू-सिमेंट हवेच्या दाबाने पाइपातून येतं, तोंडाशी पाणी मिसळतं आणि माल जोरात आपटून भिंतीला घट्ट बसतो. १९११ मध्ये पेटंट मिळालं.

१९२६ मध्ये एकली काँगोत वारला. पण आजही सुटलेलं काँक्रीट ठोकून काढलं, की नवा थर याच पद्धतीने चढवता येतो. त्यालाच गनायटिंग म्हणतात.