चार भिंतींपलीकडचं घर : मलिक अंबर यांनी वसवलेलं शहर

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि हजरत चाँदशाहवली बाबांचा दर्गाही आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत कामी आले, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण मालोजींचं नाव इथून दूर, आजच्या छत्रपती संभाजीनगरात एका वस्तीलाही दिलं गेलं होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. त्या वस्तीचं नाव मालपुरा. आणि ते शहर वसवलं मलिक अंबर यांनी.

मलिक अंबर म्हटलं की आपल्याला गनिमी कावा आठवतो, मोगलांशी झुंज आठवते. आज आम्ही त्यांची दुसरी ओळख करून देणार आहोत, लोकांच्या घराचा आणि पाण्याचा विचार करणारा माणूस म्हणून.

त्यांचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. हातोहात विकत ते अरबस्तान, बगदाद असे फिरले. एका मालकाने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभार शिकवला, अंबर हे नाव दिलं. शेवटी ते दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांच्याकडे आले. चंगेज खान स्वतः हबशी, एकेकाळचे गुलाम. त्यांच्या हाताखाली अंबर राज्यकारभार जवळून शिकले. मालकाच्या मृत्यूनंतर ते मोकळे झाले, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिले आणि मग अहमदनगरला परतले.

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबर यांनी घराण्यातल्या एका वारसाला परंड्यात गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं राज्य टिकवून धरलं. ज्याचं स्वतःचं घर लहानपणीच हिरावलं गेलं, त्याच्यावर एका राज्याचं घर सांभाळायची वेळ आली.

1610 मध्ये दौलताबादजवळच्या खडकी गावी त्यांनी नवं शहर वसवायला घेतलं. नावाप्रमाणेच खडकाळ माळ. इथे त्यांनी वस्तीची जी पद्धत वापरली ती समजून घेण्यासारखी आहे. शहर पुऱ्या-पुऱ्यांनी वाढलं. पुरा म्हणजे शहराला जोडलेली वस्ती. लोक वाढले की नवा पुरा जोडायचा, जुना मोडायची गरज नाही. हल्ली इंजिनिअर लोक ज्याला मॉड्युलर म्हणतात, त्याच्या जवळ जाणारीच ही गोष्ट.

आणि हे पुरे कोणाच्या नावाचे? मालपुरा मालोजींच्या, खेलपुरा खेळोजींच्या, परसपुरा परसोजींच्या, विठापुरा विठोजींच्या. मराठा सरदारांच्या नावाच्या वस्त्या एका हबशी मुसलमान वजिराने आपल्या शहरात वसवल्या. मुसलमानांची वस्ती वेगळी, मराठ्यांचं गाव वेगळं, असा विचार त्यांनी केला नाही. पुढे 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत मालोजींचे दोन्ही पुत्र, शहाजीराजे आणि शरीफजी, मलिक अंबर यांच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले.

पण खडकाळ माळावर घरं बांधणं सोपं, पाणी आणणं अवघड. यासाठी त्यांनी केलेलं काम म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं झऱ्यांचं आणि जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करून ते दगड-चुन्याच्या भुयारी नळातून शहरात आणलं. ना मोट, ना बैल, ना कसलं यंत्र. जमिनीचा उतार मोजायचा आणि पाण्याला त्याच्या स्वभावाने वाहू द्यायचं. नळ साफ करता यावा, हवा खेळावी म्हणून जागोजागी वर विहिरीसारखी तोंडं ठेवली. भुयारातून वाहिल्यामुळे उन्हात पाणी आटायचं नाही. इराणात आणि अरब मुलुखात ही पद्धत जुनी, तिला कनात म्हणतात. आपल्याकडे बिदरला आणि अहमदनगरलाही अशा नहरी होत्या. मलिक अंबर यांनी ती विद्या या मातीला बेतून वापरली. (पाणचक्कीची नहर मात्र वेगळी. ती अठराव्या शतकातली. लोक दोन्हींची गल्लत करतात.)

या नहरीने शहराला शेकडो वर्षं पाणी पाजलं. पाण्याची सोय करून देणं हा सदका-ए-जारिया आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा एवढा मोठा नमुना महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल. आणि त्याच नहरीचे भाग अलीकडच्या काळात बांधकामाखाली फुटले, बुजले, हेही सांगायलाच हवं.

वाट सरळ नव्हती. 1616 मध्ये मोगलांनी रोशनगावला त्यांचा पराभव केला आणि खडकी जाळली. मलिक अंबर यांनी शहर सोडलं नाही, पुन्हा उभं केलं. तेही संत नव्हते. भातवडीला शत्रूला अडवण्यासाठी त्यांनी तलावाचा बांध फोडून रान चिखलमय केलं होतं. पाण्याची ताकद त्यांना दोन्ही अंगांनी कळलेली होती.

बारामती-इंदापूरशी त्यांचं आणखी एक नातं आहे. त्यांनी जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली आणि मक्त्याने वसुली बंद केली. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे आला. पुणे, सुपे, बारामती, इंदापूर या भागात त्यांनीही मलिक अंबर यांचीच पद्धत पुढे चालवली.

1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, त्यांची वफात झाली. खुलताबादला त्यांची कबर आहे, जवळच त्यांच्या बेगम बीबी करीमा यांची. मुलाने खडकीचं नाव फतेहनगर केलं, 1653 मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावं बदलत गेली, पुऱ्यांचं शहर राहिलं.

हे आज का सांगतो? आमच्या दोन्ही तालुक्यांत कालव्याखालचा भाग हिरवा आणि जिरायती गावं टँकरची वाट पाहणारी. शहरात नवं प्लॉटिंग पडलं की आपण आधी किती स्क्वेअर फूट ते विचारतो, मग भिंती, मग स्लॅब. पाणी? प्रत्येकाचं आपापलं बोअर, दरवर्षी आणखी खोल. अंगण गेलं, जाळी गेली, जाड भिंत गेली. उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय घरात बसवत नाही. जुन्या मुसलमानी घरांत मधे सहन असायचं, हवा खेळायची, पडदाही राहायचा. ही शोभेची गोष्ट नव्हती, उन्हाचा हिशेब होता.

कर्ज काढून घर बांधणाऱ्या आपल्या कुटुंबांना आमचं एवढंच सांगणं आहे. आठ-दहा घरांनी मिळून छताचं पाणी एका जागी मुरवा. थोडं अंगण ठेवा. आणि शेजारी कोण असावा हे ठरवताना मालपुरा आठवा. घर एकट्याचं असतं, पण पाणी आणि मोहल्ला सगळ्यांचा असतो. एका गुलाम पोराने चारशे वर्षांपूर्वी खडकाळ माळावर हे करून दाखवलं. अल्लाह त्यांची मगफिरत करो.