गोदूताईंचा निरोप

थर्ड इयरच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका वेबसाइटचं लॉगिन बनवत होतो. त्याच आठवड्यात मी गोदावरी परुळेकरांबद्दल वाचलं आणि दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र झाल्या.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याचा. कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या महिलांपैकी. वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण पती शामरावांबरोबर त्यांनी किसान सभेचं काम धरलं आणि त्या डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर पोचल्या. तिथे जमीनदार आदिवासींना वेठीला राबवत. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी परिषद झाली आणि वारल्यांनी वेठ संपवायचा निर्धार केला. त्यांच्यासाठी त्या गोदूताई झाल्या.

पाड्यांवर तेव्हा फोन कुठला? निरोप तोंडीच जायचा. जमीनदारांनी हेच हेरलं. ऑक्टोबरमध्ये गोदूताईंच्या नावाने खोटा निरोप फिरवला गेला, की सगळ्यांनी तलवाड्याला जमायचं. हजारो वारली आले. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं, की हे हल्ला करणार आहेत. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदूताईंनी कुणाला बोलावलंच नव्हतं!

निरोपाबरोबर नाव होतं, पण खूण नव्हती. टू-फॅक्टर म्हणजे हीच जादा खूण. फोनमधलं ॲप आणि सर्व्हर, दोघांकडे एकच गुप्त की असते. तिच्यावरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा ६ आकडी कोड निघतो. पासवर्डचा नुसता हॅश ठेवला तरी भागतं. ही की मात्र सर्व्हरला मूळ रूपातच लागते, कारण कोड त्यालाही काढायचा असतो. म्हणून इथे हॅश चालत नाही.

आणि आम्ही ती डेटाबेसमध्ये उघडी ठेवली होती! डेटाबेस चोरीला गेला असता तर खोट्या निरोपाला खरी खूण मिळाली असती. म्हणजे खूण नसण्यापेक्षाही वाईट, कारण मग कुणी शंकाच घेत नाही. शेवटी आम्ही प्रत्येक की एन्क्रिप्ट केली आणि ती उघडायची किल्ली डेटाबेसपासून लांब, वेगळ्या मशीनवर ठेवली.

गोदूताईंनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९६ साली त्या गेल्या. तलवाड्याला आलेले लोक भोळे नव्हते. त्यांचा आपल्या माणसावर विश्वास होता. आपल्या वेबसाइटवर नाव नोंदवणाराही तसाच विश्वास ठेवतो. कोड लिहिताना एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.