राजा सर दिनकरराव राजवाडे : अधिकारत्यागाचा एक अध्याय

ग्वाल्हेरच्या राज्यकारभारास शिस्त लावणारे दिवाण म्हणून दिनकरराव राजवाडे यांचे नाव सर्वश्रुत आहे. अधिकारपद त्यांनी कसे सोडले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका चित्पावन कुटुंबात २० डिसेंबर १८१९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्यात शिंदेशाहीची चाकरी पूर्वापार चालत आलेली असल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षीच ते दरबारच्या सेवेत दाखल झाले. पित्याच्या निधनानंतर एका प्रांताचा कारभार त्यांच्याकडे आला आणि तिशी ओलांडल्यावर लवकरच दिवाणगिरीही चालून आली. महाराजपूर व पनिहार येथील १८४३च्या पराभवांनंतर राज्याची स्थिती शोचनीय झाली होती. खजिना रिता आणि फौज बेबंद! दिनकररावांनी जाचक कर रद्द केले व वेतने कमी केली. या वेतनकपातीतून त्यांनी स्वतःचे वेतनही वगळले नाही. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

पुढे १८५७चा प्रलय आला. इंग्रजांचा पक्ष न सोडण्याच्या त्यांच्या धोरणाविषयी आज मतभेद असणे स्वाभाविक आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. तात्या टोपे व झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आली, तेव्हा बचावाचाच पवित्रा धरावा, असा दिवाणांचा सल्ला होता. तरुण जयाजीराव महाराजांनी तो डावलला आणि दिवाणांना न कळविताच १ जून १८५८ रोजी मुरारनजीक ते शत्रूवर चालून गेले. थाटीपूरच्या दर्पण कॉलनीत आज राहणाऱ्यांना तो मुलूख परका नाही. फौज उलटली आणि महाराजांना पळ काढावा लागला. ज्याचा सल्ला अव्हेरला गेला, त्याने त्याच दिवशी पदत्याग केला असता, तर त्यास दोष कोणी दिला असता? पण दिनकरराव धन्याबरोबर आग्र्यास गेले. जूनच्या उत्तरार्धात ग्वाल्हेर परत मिळाले, तेव्हा मोडलेली घडी बसविण्यासाठी ते पुन्हा कामाला लागले.

त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर १८५९मध्ये, ते दिवाणपदावरून दूर झाले. महाराज आता पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. कारभार स्वहस्ते चालवावा, ही त्यांची इच्छा उघड होती. सामर्थ्यवान दिवाण आणि वयात आलेला राजा एका गादीभोवती फार काळ नांदत नाहीत. संकट सरले होते, राज्य स्थिरावले होते. दिनकररावांनी अवघी चाळिशी गाठली होती आणि सेवेस पंचवीस वर्षे झाली होती.

पदाबरोबर त्यांची योग्यता गेली नाही. १८६२मध्ये हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलात बसलेल्या पहिल्या तीन हिंदी सभासदांत पतियाळाचे महाराज आणि काशीचे राजा देवनारायणसिंह यांच्यासह ते होते. १८७३मध्ये धौलपूरच्या अल्पवयीन राण्यांचे पालकत्व त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पण प्रकृती साथ देईना, तेव्हा तेही त्यांनी लवकरच सोडले. १८७५मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात ते पुन्हा जयाजीरावांच्या शेजारी बसले, या वेळी दिवाण म्हणून नव्हे, तर बरोबरीचे सभासद म्हणून. तिघा इंग्रज सभासदांनी मल्हाररावांस दोषी ठरविले. जयाजीराव, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव या तिघांनी मात्र आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही.

९ जानेवारी १८९६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ग्वाल्हेरची दिवाणगिरी सोडून तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती.