जोनाथन एडवर्ड्‌स

जोनाथन एडवर्ड्‌स (५ ऑक्टोबर १७०३ – २२ मार्च १७५८) हे ब्रिटिश अमलाखालील अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मोपदेशक व तत्त्वचिंतक होते. ख्रिस्ती धर्मजीवनात भावना आणि आकलन यांचे नाते कसे असावे, या प्रश्नाचा त्यांनी केलेला ऊहापोह प्रॉटेस्टंट विचारपरंपरेत महत्त्वाचा मानला जातो.

बालपण व शिक्षण

एडवर्ड्‌स यांचा जन्म कनेटिकट वसाहतीतील ईस्ट विंडसर येथे झाला. वडील टिमथी हे पाळक होते. आई एस्थर ही नॉर्थॅम्प्टनचे प्रभावी पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांची कन्या. अकरा भावंडांत जोनाथन हे एकुलते एक मुलगे. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी पुढे येल म्हणून प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १७२० मध्ये पदवी संपादन केली. जॉन लॉक यांचे तत्त्वज्ञान व न्यूटन यांचे विज्ञान यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. कोळ्यांच्या जाळ्यांविषयी त्यांनी तरुणपणी लिहिलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे.

नॉर्थॅम्प्टन येथील कार्य

१७२७ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे आजोबांचे सहायक पाळक झाले. त्याच वर्षी सारा पिअरपॉन्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७२९ मध्ये आजोबांच्या निधनानंतर मंडळीची संपूर्ण जबाबदारी त्यांच्यावर आली.

१७३४-३५ मध्ये गावात मोठी धर्मजागृती झाली. एडवर्ड्‌स यांच्या अंदाजानुसार सुमारे तीनशे लोकांचे मनःपरिवर्तन झाले. मात्र १ जून १७३५ रोजी त्यांच्या मावशीचे यजमान जोसेफ हॉली यांनी आत्म्याच्या भवितव्याच्या चिंतेने खचून आत्महत्या केली आणि जागृतीची लाट ओसरली. धार्मिक भावना माणसाला उन्नत करते, तशीच ती त्याला गर्तेतही लोटू शकते, ही जाणीव या घटनेने तीव्र केली.

१७४० मध्ये जॉर्ज व्हिटफील्ड यांच्या दौऱ्याने जागृतीची लाट पुन्हा उसळली. ८ जुलै १७४१ रोजी एनफील्ड येथे एडवर्ड्‌स यांनी केलेल्या नरकदंडावरील प्रवचनाच्या वेळी श्रोत्यांच्या आक्रोशामुळे त्यांना मध्येच थांबावे लागले. त्यांची लोकप्रसिद्धी मुख्यतः या एका प्रवचनावर उभी असली, तरी त्यांच्या एकूण लेखनाचा तो एक अंशच आहे.

भावना आणि आकलन

या चळवळीने वसाहतींत दोन तट पडले. बोस्टनचे पाळक चार्ल्स चॉन्सी यांच्या मते धर्माचा लगाम बुद्धीच्या हाती असावा. मूर्च्छा, किंकाळ्या व दृष्टान्त हा केवळ मनोविकारांचा उद्रेक होय. दुसऱ्या टोकाला जेम्स डेव्हनपोर्ट यांच्यासारखे उपदेशक होते. १७४३ मध्ये त्यांनी न्यू लंडन येथे धर्मग्रंथांची होळी केली.

एडवर्ड्‌स यांनी दोन्ही भूमिका अपुऱ्या मानल्या. १७४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ ट्रीटाइज कन्सर्निंग रिलिजस अफेक्शन्स’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की खरा धर्म बव्हंशी पवित्र भावांतच वसतो. परंतु हे भाव म्हणजे क्षणिक क्षोभ नव्हेत. ज्ञानाने उजळलेल्या अंतःकरणाचा तो ईश्वराकडे असलेला दृढ ओढा होय. मध गोड असतो हे ऐकून जाणणे वेगळे आणि तो चाखणे वेगळे, हा दृष्टान्त त्यांनी आधीच्या एका प्रवचनात वापरला होता. भावनेची तीव्रता, अश्रू, देहाला सुटणारा कंप किंवा धर्मवचनांचे अस्खलित पाठांतर यांवरून काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी म्हटले. याउलट नम्रता, सौम्यता आणि विशेषतः दीर्घकाळ टिकणारे सदाचरण या खऱ्या खुणा त्यांनी मानल्या.

१७४९ मध्ये त्यांनी मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यातही ब्रेनर्ड यांची भक्ती आणि त्यांचा खिन्न स्वभाव यांची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही.

पदच्युती व अखेरची वर्षे

स्टॉडर्ड यांच्या काळापासून प्रभुभोजनात सहभागी होण्यासाठी मनःपरिवर्तनाची ग्वाही आवश्यक नव्हती. एडवर्ड्‌स यांनी प्रामाणिक विश्वासाच्या जाहीर कबुलीचा आग्रह धरताच मंडळी बिथरली. तेवीस वर्षांच्या सेवेनंतर जून १७५० मध्ये मंडळीने त्यांना मोठ्या बहुमताने पदावरून दूर केले. १७५१ पासून स्टॉकब्रिज येथे मोहिकन व अन्य मूलनिवासींमध्ये धर्मकार्य करीत असताना त्यांनी इच्छास्वातंत्र्यावरील आपला ग्रंथ (१७५४) लिहिला. मूलनिवासींच्या शिक्षणासाठी ते झगडले. तथापि त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते, ही विसंगती आधुनिक अभ्यासक दुर्लक्षित करीत नाहीत.

१७५८ च्या आरंभी ते प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. देवीच्या साथीत इतरांना आदर्श घालून देण्यासाठी त्यांनी देवी टोचून घेतल्या. त्यातूनच उद्भवलेल्या आजाराने त्यांचे निधन झाले.

प्रभाव

जॉन वेस्ली यांनी ‘रिलिजस अफेक्शन्स’ची संक्षिप्त आवृत्ती काढली. ब्रेनर्ड-चरित्राने विल्यम केरी यांना प्रेरणा दिली. श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे केरी ते हेच.