कायद्याचे अध्यापक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना सारे जग ओळखते. तथापि त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे वर्गात फळ्यापुढे उभे राहून वेचली, याचा उल्लेख क्वचितच होतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अस्पृश्य जातीचा हा माणूस काय शिकवणार, अशा समजुतीने विद्यार्थ्यांनी प्रथम दुर्लक्ष केले. परंतु लवकरच अन्य महाविद्यालयांतील मुलेही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये, असा आक्षेप मात्र सहकाऱ्यांपैकीच काहींनी घेतला. विद्वत्तेने वर्ग जिंकला, पाण्याचे भांडे जिंकले नाही!

लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार सहजी येत नसत. अशा काळात, १९२५ ते १९२८ पर्यंत, बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र शिक्षणसंस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवीत. करार, भागीदारी, मालाची विक्री हे विषय पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या नित्य परिचयाचे. ते बाबासाहेबांकडून शिकण्याचे भाग्य तेथील विद्यार्थ्यांना लाभले. याच काळात, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे विशेष.

१९२८ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पुढे १ जून १९३५ रोजी त्यांनी तेथील प्राचार्यपद स्वीकारले. पत्नी रमाबाईंचे निधन होऊन तेव्हा आठवडाही लोटला नव्हता. १९३६ च्या महाविद्यालयीन नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. वकिलाला कायद्याच्या मूलतत्त्वांबरोबर व्यापक सामान्य ज्ञान व मुद्देसूद मांडणी आवश्यक, असा त्यांचा आग्रह होता. केवळ कलमे पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांविषयी त्यांना आस्था नव्हती. १९३८ मध्ये त्यांनी हे पद सोडले.

हिंदू संहिता विधेयक रखडल्याने १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ मध्ये संमत झालेला वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, याचा आपल्यापैकी अनेकांना विसर पडतो.

मराठवाड्यावर त्यांचे ऋण वेगळेच. निजामी राजवटीत बीडच्या मुलाला पदवीसाठी दूर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. याच संस्थेने जून १९५६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या गरीब तरुणालाही वकील होता यावे, ही त्यामागील तळमळ होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्या महाविद्यालयाचे पहिले वर्षही पूर्ण झाले नव्हते.