दैवी संपत्ती आणि येसूबाईसाहेब



आज आपल्या रोजच्या वाचनात गीतेचा सोळावा अध्याय सुरू झाला. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे 26 गुण मोजून दाखवतात. यादीत पहिला मान अभयाला. पुढे त्याग येतो, क्षमा येते, धृती येते. मधेच अपैशुन नावाचा एक गुण आहे, जो वाचताना आपण पटकन ओलांडून जातो. अपैशुन म्हणजे चहाडी न करणं, कुणाचं उणं त्याच्या पाठीमागे न सांगणं. माऊलींनी ज्ञानेश्वरीत यातला एकेक गुण सावकाश उलगडलाय.

माझी सवय इंजिनिअरची. नुसत्या व्याख्येने समाधान होत नाही, चालतं उदाहरण लागतं. हे गुण एखाद्या माणसात, तेही सत्तेच्या ऐन गराड्यात, कसे दिसतील? असा विचार करताना मला रायगड आठवला आणि येसूबाई आठवल्या.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. शिवाजी महाराजांच्या थोरल्या सूनबाई, शंभूराजांच्या पत्नी. त्यांचे बंधू गणोजी हे महाराजांचे जावई. म्हणजे साटंलोटं, दोन घरं दुहेरी नात्याने बांधलेली. लहान वयात त्या या घरात आल्या आणि घर म्हणजे दरबारच होता. 1678 च्या अखेरीस शंभूराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परत आले. अशा वेळी सुनेकडे कुणाच्या कशा नजरा लागल्या असतील, हे वेगळं सांगायला नको.

3 एप्रिल 1680 ला महाराज गेले. शंभूराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. इकडे रायगडावर अण्णाजी दत्तोंसारख्या बड्या कारभाऱ्यांनी सोयराबाईंचे चिरंजीव राजाराम यांना मंचकावर बसवलं. राजाराम तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. शंभूराजांना कैद करायचाही बेत होता. पण सेनापती हंबीरराव मोहिते, जे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, ते शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले आणि बेत फसला. जानेवारी 1681 मध्ये शंभूराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी पुन्हा कट झाला आणि यावेळी कारभाऱ्यांना देहदंड मिळाला.

हे सगळं येसूबाईंनी जवळून पाहिलं. कान भरणं हाच जिथे धंदा, तिथे त्या राहत होत्या. राजांचा मात्र त्यांच्यावर पूर्ण विश्वास. ते सतत मोहिमांवर असायचे, तेव्हा कारभार येसूबाई बघायच्या. त्यांच्या नावाचा स्वतंत्र शिक्का होता. आजच्या भाषेत, सही करायचा अधिकार होता.

मग माहेरही सुटलं. वतनाचा वाद होताच, त्यात कवी कलशाशी वैर वाढलं आणि शिर्के मोगलांना मिळाले. 1688 मध्ये शंभूराजांना शिर्क्यांवरच चालून जावं लागलं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. येसूबाई रायगडावरच राहिल्या.

आणि 1 फेब्रुवारी 1689 ला शंभूराजे संगमेश्वरी पकडले गेले.

इथे जरा थांबू या. गादी रिकामी होती. येसूबाईंचे चिरंजीव शाहू अजून सात वर्षांचेही नव्हते. थोरल्या राजांचा मुलगा म्हणून हक्क त्यांचा. शाहूंना गादीवर बसवलं असतं, तर मूल अज्ञान म्हणून सगळी सत्ता आईच्या हातात राहिली असती. नाव मुलाचं आणि हुकूम आईचा, हे कोणत्याही राजवाड्यात नवीन नसतं. शिक्का तर हाताशी होताच.

येसूबाईंनी काय केलं? त्यांनी राजारामांना पुढे केलं. ज्यांच्या नावावर नऊ वर्षांपूर्वी आपल्या नवऱ्याचा हक्क डावलला गेला, त्याच दिराला. राजाराम आता 19 वर्षांचे होते, घोड्यावर बसून लढाईचं नेतृत्व करू शकत होते. राज्याला त्या घडीला तेच हवं होतं. जुना हिशेब काढायला याहून सोपी वेळ आली नसती, आणि येसूबाईंनी तो काढला नाही. मला यात क्षमा दिसते आणि त्यागही दिसतो.

11 मार्चला शंभूराजांची हत्या झाली. त्याच महिन्यात झुल्फिकारखानाचा वेढा रायगडाला पडू लागला. तेव्हा येसूबाईंनी आणखी एक सल्ला दिला. सगळ्यांनी एकाच गडावर राहणं धोक्याचं, राजारामांनी बाहेर पडावं. आमच्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर टाळणं म्हणतात. सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवायचा नाही. फरक इतकाच की इथे मागे राहणाऱ्या सर्व्हरवर त्या स्वतः होत्या आणि त्यांचं लेकरू होतं.

5 एप्रिलला राजाराम गडाबाहेर पडले. येसूबाईंनी रायगड पुढचे जवळजवळ सात महिने लढवत ठेवला. नोव्हेंबर 1689 च्या सुरुवातीला गड पडला. त्याच सुमारास राजाराम दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचत होते. राज्याची राजधानी गेली, पण राज्य हातातून निसटलं नाही. संताजी घोरपडे, धनाजी जाधव, पुढे ताराबाई, सगळे लढत राहिले आणि औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरला मेला तो दख्खन न जिंकताच.

येसूबाई मात्र कैदेत गेल्या, मुलासकट. बादशहाची छावणी फिरेल तिकडे त्यांची राहुटी. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने मायलेकरांची काळजी घेतली, पण कैद ती कैदच. 1707 मध्ये शाहू सुटले, ते आईला ओलीस ठेवून. शेवटी 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा येसूबाई साताऱ्याला आल्या. जवळजवळ 30 वर्षं! माझं सगळं शिक्षण आणि आजवरची नोकरी त्यात मावेल. धृती हा शब्द आता मला नुसता शब्द वाटत नाही.

आता एक अवघड गोष्ट. त्या त्यागाचं फळ गोड निघालं का? राज्यासाठी हो. घरासाठी नाही. शाहू परतले तेव्हा ताराबाईंनी त्यांचा हक्क मान्य केला नाही, कारण गादी आता राजारामांच्या वंशात गेली होती. खेडजवळ मराठ्यांविरुद्ध मराठे लढले. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. येसूबाईंनी जे सोडलं, ते त्यांच्या मुलाला लढूनच मिळवावं लागलं.

म्हणून मला वाटतं, आपण त्यागाकडे गुंतवणुकीसारखं बघू नये. आज सोडलं की उद्या व्याजासकट परत येईल, असं भगवंत कुठेच सांगत नाहीत. या यादीत त्याग आहे, परताव्याची हमी नाही. येसूबाईंपुढे त्या क्षणी एकच प्रश्न होता, आत्ता योग्य काय. उत्तर स्वतःच्या आणि मुलाच्या विरोधात जात होतं, तरी त्यांनी ते स्वीकारलं. अभय यादीत पहिलं का, ते इथे कळतं. आपलं काहीतरी जाईल ही भीती असेपर्यंत बाकीचे गुण हातात येत नाहीत.

आपल्या ऑफिसात गादी नसते, पण प्रोजेक्ट असतो, पद असतं, श्रेय असतं. कुणीतरी जुना हिशेब शिल्लक असलेला सहकारीही असतोच. आजचा अभ्यास एवढाच: ज्याच्याशी आपलं बिनसलंय, तोच एखाद्या कामाला खरोखर योग्य असेल, तर त्याचं नाव आपण पुढे करायचं. आणि त्याच्या पाठीमागे एक शब्दही वेडावाकडा बोलायचा नाही.

कधी साताऱ्याला गेलात तर जवळच संगम माहुलीला येसूबाईंची समाधी आहे. दोन मिनिटं टेकून या.

उद्या याच अध्यायात पुढे, आसुरी संपत्ती. जय हरी!