सरोवराखालून आणलेले पाणी

१८५४ मध्ये शिकागोत पटकीची साथ आली आणि सुमारे १,४०० माणसे दगावली. वाढत्या शहराला धड गटारे नव्हती, संडासांच्या खड्ड्यांतली घाण विहिरींत झिरपे. पुढच्याच वर्षी बोस्टनहून एलिस चेसब्रो या अभियंत्याला बोलावण्यात आले. १८१३ साली मेरीलँडमध्ये जन्मलेल्या चेसब्रोंची शाळा लहानपणीच सुटली होती. रेल्वेच्या सर्वेक्षण तुकड्यांत राबत ते हा व्यवसाय शिकले.

जमीन सपाट असल्याने गटारांना उतार मिळेना. त्यांनी गटारे जमिनीवरच टाकून वर भराव घातला. रस्ते उंचावले, मग इमारतीही जॅक लावून उचलाव्या लागल्या. पण सांडपाणी नदीत, नदी मिशिगन सरोवरात आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवराच्या काठाजवळून! नळातून छोटे मासेही येत. म्हणजे एक रोग हटवताना दुसऱ्याची सोय झाली.

मग चेसब्रोंनी दोन मैल आतले स्वच्छ पाणी आणायचे ठरवले. १८६४ च्या मार्चमध्ये काठावर खोल विहीर खणली गेली. तिच्या तळाशी, सरोवराखालच्या चिकणमातीतून पाच फूट व्यासाचे भुयार निघाले. माती रुळांवरच्या छोट्या गाड्यांतून बाहेर येई, मागोमाग विटांचे अस्तर चढे. १८६५ मध्ये लाकडाचा प्रचंड पंचकोनी सांगाडा सरोवरात नेऊन दगड भरून बुडवला आणि त्यातून दुसरी विहीर उतरवली. १८६६ च्या अखेरीस दोन्हीकडचे खोदकाम एकमेकांना भिडले, तेही अवघ्या काही इंचांच्या फरकाने. मार्च १८६७ मध्ये पाणी शहरात आले.

पटकीचा जंतू कॉख यांनी दाखवला तो यानंतर दीड तपाने. तोवर बहुतेक डॉक्टर दुर्गंधीलाच दोष देत होते, हे लक्षात घेतले तर चेसब्रोंचा निर्णय अधिक मोठा वाटतो.

तरी दोन मैल पुरले नाहीत. मोठा पाऊस झाला की नदीची घाण आत, पार सांगाड्याच्या दिशेने जाई. चेसब्रो १८८६ मध्ये वारले. १८९१ मध्ये विषमज्वराने शहरात सुमारे दोन हजार बळी घेतले. सांडपाणी सरोवराऐवजी उलट दिशेला, कालव्याने नेण्याचा पर्याय त्यांनी १८५५ च्या अहवालातच मांडला होता, पण तेव्हा तो फार खर्चिक ठरला. १९०० मध्ये नव्या कालव्याने नदीचा प्रवाह खरोखरच फिरवला गेला आणि १९१२ पासून पाण्यात क्लोरीन पडू लागले.